रुमालाखालचा हात

१२ जुलै

वहिदा मॅडम सांगून गेल्या, रोज लिहून ठेवा. गोळी कधी दिली, ती कधी लागू पडली, हात कधी जास्त थरथरला, पाय कुठे अडकले. ते सगळं मी फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहीन. अंगणवाडीत सगळा जन्म रजिस्टरं भरण्यात गेला, मला त्यात काही अवघड नाही. ही वही मात्र माझी. इथे मनात येईल ते लिहिणार आणि कुणी सुपरवायझर तपासायला येणार नाही.

ह्यांना कंपवात आहे, डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सन. आमचं गाव वैजापूरकडे. तिथल्या बैलबाजारात ह्यांनी जन्मभर दलाली केली. आवाज असा होता की बाजाराच्या ह्या टोकाला हाक मारली की त्या टोकाचा माणूस हातातला चहा टाकून यायचा. तो आवाज आता ओठांच्या आतच विरतो. मी कान तोंडाशी नेला तरी नुसता श्वास लागतो. मागच्या दिवाळीनंतर काकासाहेबाने, आमच्या मुलाने, आम्हा दोघांना इथे शहरात, सिडकोत आणलं. तो वाळूजच्या कंपनीत आहे.

वहिदा मॅडम शहागंजच्या. स्कूटीवर येतात, वय जेमतेम तिशीचं. मला वाटलं हातपाय चोळून देतील. तर म्हणाल्या, "ते फिजिओथेरपीवाले बघतात, मावशी. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. जेवण, कपडे, अंघोळ, काकांचं काकांना जेवढं करता येईल तेवढं टिकवायचं, ते माझं काम." मग विचारलं, "काका धंद्यात हातांनी काय करायचे?"

मी म्हटलं, "हातांनी काय? दलालाचं सगळं काम तोंडाचं."

हे माझ्याकडे असे काही बघत राहिले की मला वाटलं लघवीला जायचंय. उठवून नेलं, तर नव्हतंच जायचं.

१६ जुलै

बटणं. माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. सकाळ झाली की सदरा पुढ्यात ठेवायचा आणि ह्यांनी तो स्वतः घालायचा, असा मॅडमचा हुकूम. बटण ओढून काढायला एक तारेचा आकडा दिलाय. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवलंय, म्हणजे पकड येते. सगळं कबूल. पण एकेक बटण काजात शिरेपर्यंत माझा चहा होतो, भाजी चिरून होते, आणि हे अजून पहिल्याच बटणावर. मध्ये हात घालायचा नाही म्हणे! मॅडम हात धुवायला गेल्या तेवढ्यात मी चटाचटा लावून टाकली.

त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "मावशी, आज बटणं फारच लवकर लागली."

मी म्हटलं, "सुधारणा आहे."

हसल्या नाहीत. मला एका जागी बसवत नाही, हे खरं आहे. बसले की वाटतं, काहीतरी करायचं राहिलंय.

२५ जुलै

दाराच्या उंबऱ्याशी आले की ह्यांचे पाय फरशीला चिकटतात. मी मागून ढकलते, तसतसे हे आणखी घट्ट होतात. आज मॅडमनी दारात पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या आणि सांगितलं, "काका, चालू नका. नुसती रेघ ओलांडा." मी मनात म्हटलं, हा काय पोरखेळ. तर हे एक रेघ ओलांडून गेले, दुसरी ओलांडली, आणि गेले की पार बाहेरच्या खोलीत! आनंद झाला. राग पण आला. वर्षभर मी उगाचच ढकलत होते.

४ ऑगस्ट

गंगापूरहून गयासभाई आले. ह्यांचे बाजारातले जुने जोडीदार. एक विकणाऱ्याच्या बाजूने, एक घेणाऱ्याच्या बाजूने, असे किती सौदे दोघांनी जमवले असतील. आल्या आल्या मोठ्याने बोलले. ह्यांच्या तोंडून काही येईना, तसे तेही गप्प झाले. मला ते बघवेना, मी चहाला आत गेले.

बाहेर येऊन बघते तर गयासभाईंनी खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकलेला आणि आत काहीतरी चाललेलं. ह्यांचा उजवा हात मांडीवर पडला की सारखा थरथरतो. तो रुमालाखाली अगदी शांत. आणि चेहरा! कितीतरी महिन्यांनी हे हसले.

वहिदा मॅडम नेमक्या तेव्हाच आल्या. दारातच थांबल्या. "चाचा, ये क्या कर रहे आप?"

"कुछ नहीं, बेटी. पुरानी आदत."

खूप मागे लागल्यावर बोलले. बाजारात बैलाचा भाव तोंडाने सांगत नाहीत, चार माणसांत फुटला की बिघडतो. रुमालाखाली एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. एक धरलं तर एक, दोन तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. पटलं की हात दाबायचा. दाबला म्हणजे शब्द दिला. आणि बोलणी चालू असताना हात काढायचा नाही. काढला म्हणजे सौदा मोडला, वर समोरच्याचा अपमान.

"म्होरचं नका इचारू," गयासभाई म्हणाले. "ते आमच्या पोटात राहू द्या. हे बी बाईमाणसाला सांगत नसतेत. भाभीला तरी कुठं ठाऊक हाय?"

खरंच ठाऊक नव्हतं. जन्मभर मी ह्यांचे रुमाल धुतले. मला वाटायचं घाम पुसायला नेतात.

मॅडमचे डोळे चमकत होते. "काम करताना हात कमी थरथरतो, ते ह्या आजारात असतंच. पण काकांच्या हाताला बोलायची सवय आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही!" असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी कपबशा उचलल्या आणि आत गेले.

११ ऑगस्ट

मॅडमनी नवीन नियम बसवले. रुमाल टाकायचा, हात हातात द्यायचा, एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. ह्यांनी एक बोट धरलं तर हो, दोन धरली तर नाही, पंजा धरला तर काहीतरी दुखतंय. आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मी विचारलं, "खिचडी देऊ?" खूप वेळाने दोन बोटं. मला वाटलं चुकून धरली. पुन्हा विचारलं. पुन्हा दोन. "मग दूध-भाकरी?" एक बोट, आणि तेही करकचून.

इथे आल्यापासून मी ह्यांना दोन्ही वेळा मुगाची खिचडी चारतेय. येईल-जाईल त्याला सांगतेय, ह्यांना खिचडी फार आवडते. मॅडमनी ह्यांना ताठ बसवून, हनुवटी खाली घ्यायला लावून, गिळताना ठसका लागतो का ते पाहिलं. मग भाकरी दुधात पार कुस्करून दिली. हे स्वतःच्या हाताने जेवले, अर्धी चादरीवर सांडली तरी जेवले. मला हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडले.

१८ ऑगस्ट

काकासाहेबाची पुण्याची बदली अखेर पक्की झाली. सूनबाई आणि नात शाळेसाठी जूनमध्येच तिकडे गेल्यात. त्याने फ्लॅटही बघून ठेवलाय. "आई, सप्टेंबर संपायच्या आत आपण समदेच निघू. तिकडं लिफ्ट हाय, मोठमोठे डॉक्टर हायेत. तू कशाला टेन्शन घेती?"

मी लगेच हो म्हटलं. दुसरा विचार कशाला करायचा? गावाकडे हे न्हाणीत पडले होते तेव्हा शेजारीपाजारी सगळे रानात गेलेले. मी ओरडत राहिले, कुणी आलं नाही. ओल्या फरशीवर ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते मला पुन्हा नको आहे. मला भीती वाटते, सरळ लिहिते.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "काकांना विचारलं?"

"त्यात काय विचारायचं? मुलगा नेतोय."

"तरी विचारा, मावशी. खिचडीसारखं व्हायला नको."

फार बोलते ही मुलगी.

२४ ऑगस्ट

विचारायला बसते रोज, आणि रोज फिसकटतं. रुमाल टाकला, हात दिला, विचारलं, "पुण्याला जायचं ना?" बोटं हलायच्या आत कुकरची शिट्टी. उठले, गॅस बंद करून आले, तर ह्यांनी डोळे घट्ट मिटून घेतलेले. काल दूधवाला आला, परवा सूनबाईचा फोन. मी मिनिटभर उठायची खोटी, हे रुसलेच. आज तर संध्याकाळचा घासही घेतला नाही, तोंड भिंतीकडे फिरवलं.

एवढा राग कशाचा? मी घर चालवायचं की हात धरून बसायचं? आजार डोक्यावरही परिणाम करायला लागलाय असं मला वाटतं. मॅडमच्या कानावर घालायला हवं.

३ सप्टेंबर

काल पोळा झाला. खालच्या गल्लीतून मुलं मातीचे बैल घेऊन गेली, हे सबंध दिवस खिडकीशी. मी पुरण केलं, एक घास खाल्ला आणि पुन्हा खिडकी.

आज गयासभाई आले. त्यांच्यादेखतच मी रुमाल टाकला आणि विचारायला बसले. मोबाईल वाजला, उठले. परत आले तर गयासभाईंचा चेहरा उतरलेला.

"भाभी, काय केलं तुमी हे?"

"फोन आला होता."

"चालू सौद्यात हात काढला तुमी. मी सांगितलं व्हतं ना त्या दिशी? माझ्यासंग कुणी असं करता तर मी जन्मात त्याच्या दारात गेलो नसतो. रोज असंच करता?"

मी चिडले. "मी काय बाजारातली दलाल नाय."

"तुमी नाय. पन त्यो हाय ना."

ते गेल्यावर मी तशीच उभी राहिले. गेले पंधरा-वीस दिवस मी ह्यांना रोज विचारत होते आणि रोज ह्यांच्या तोंडावर सौदा मोडून उठत होते. वर म्हणत होते, डोक्यावर परिणाम झालाय. फार लाज वाटली. गयासभाईंनी सांगितलं होतं तेव्हा मी ऐकलं होतं, इथे लिहूनही ठेवलं होतं. पण ती बाजाराची गोष्ट म्हणून सोडून दिली.

४ सप्टेंबर

दुपारी गॅस बंद केला. मोबाईल काकासाहेबाच्या खोलीत ठेवून दार ओढलं. रुमाल टाकला आणि बसले.

"पुण्याला जायचं?"

काही नाही. माझा पाय आपोआप हलायला लागला. भिजत घातलेले कपडे आठवले. गच्चीवर वाळत टाकलेले गहू आठवले. खाली कुणीतरी बेल वाजवली, आमची की शेजारची कळेना. मी बसून राहिले. एवढं अवघड काम मी आयुष्यात केलं नसेल. मग बोटं हलली, चाचपडत, माझी बोटं शोधत. दोन.

"मग गावाला?"

एक.

"तिथं कोण हाय आता आपलं? डॉक्टर नाय, काही नाय."

पुन्हा एक. आणि मग ह्यांनी माझा हात दाबला. मीही उलटून दाबला. का दाबला ते मला सांगता येणार नाही, दाबला गेला.

संध्याकाळी काकासाहेबाने स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "विचारलं का? काय म्हणले बाबा?"

मी म्हटलं, "हो म्हणले. चालंल म्हणले पुणं."

त्याला इतकं बरं वाटलं की त्याने माझ्या हातची पोळी घेऊन उभ्या उभ्या खाल्ली.

ह्या घरात ह्यांचा हात फक्त मला वाचता येतो. मी सांगेन तेच ह्यांचं बोलणं. पण न्हाणीत पडलेल्या माणसाला मी उचललंय, दुसऱ्या कुणी नाही. जे केलं ते ह्यांच्या भल्यासाठीच केलं.

११ सप्टेंबर

हे बदललेत. सकाळी मी उठवायच्या आधी पलंगाच्या कडेला येऊन बसलेले असतात. सदरा स्वतः घालतात, सगळी बटणं लागेपर्यंत सोडत नाहीत. पिवळ्या रेघा संपल्या तरी पुढे चालत जातात, आज जिन्यापर्यंत गेले आणि कठडा धरून पायरी उतरायची खटपट करत होते.

मॅडम तर नाचायच्या बाकी होत्या. "मावशी, मी दोन महिने पाठी लागले होते, तेव्हा एवढी मेहनत करत नव्हते. काकांनी मनाशी काहीतरी धरलंय. पुण्याला जायचा आनंद असेल, नाही?"

मी म्हटलं, "चहा ठेवते."

मला माहीत आहे काय धरलंय ते. मी हात दाबला होता. ह्यांच्या दृष्टीने सौदा पक्का झालाय आणि हे गावाला जायच्या तयारीला लागलेत. आमच्या गावच्या घराला तीन पायऱ्या आहेत.

१३ सप्टेंबर

घासलेली भांडी पुन्हा घासली. गच्चीवर गेले, काही आणायचं नव्हतं, खाली आले. सांगून टाकावं असं वाटतं. मग न्हाणी आठवते आणि नको वाटतं. जेवताना हे माझ्याकडे बघून हसले. मी ताट उचलून आत नेलं.

१५ सप्टेंबर

रविवार. काकासाहेबाने सकाळीच दुकानातून रिकामे खोके आणले आणि ह्यांच्या कपाटापासून सुरुवात केली. धोतरं भरली, स्वेटर भरले. हे रेघा ओलांडत तिथे आले, खुर्चीवर बसले, एक रुमाल मांडीवर घेऊन घडी घालायला लागले. घडी दर वेळी सुटायची, हे पुन्हा घालायचे. शेवटी जमली. ह्यांनी ती स्वतःच्या हाताने खोक्यात ठेवली.

काकासाहेब म्हणाला, "बघ आई, किती खूश हायेत. उगीच भीत होतो आपण."

माझ्याच्याने पुढे बघवलं नाही. "मी खोटं बोलले," मी म्हटलं. "ते पुण्याला नाय म्हणले होते. गावाला जायचंय त्यांला."

तो खाली बसला. मग भडकला. "आन् तिथं कोण बघणार? मी तिकडं नोकरी करू का रोज जाऊन-येऊन करू? तुझ्याच्यानं होणार हाय का एकटीच्यानं?"

"ते मला सांगू नको. त्यांना सांग."

"त्यांला सांगून काय उपयोग? ते बोलतेत का?"

मी खोक्यातला रुमाल काढला, घडी मोडली, ह्यांच्या मांडीवर टाकला आणि काकासाहेबाचा हात धरून खाली सरकवला. "एक म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. नाही म्हणले तर गावाला किती महिने ते बोलायचं, एका बोटाला एक महिना. आणि काही झालं तरी हात काढायचा नाय."

आधी त्याला ओशाळल्यासारखं झालं. बापाचा हात असा शेवटचा कधी धरला होता त्याने, देव जाणे. मग म्हणाला, "बाबा, पुण्याला चला ना." थांबला. खिशात त्याचा फोन घूं घूं करत होता, दोनदा करून बंद पडला. त्याचा चेहरा बदलला तेव्हा मला कळलं की दोन बोटं आली.

"बरं, एक महिना," तो म्हणाला. "एक महिना गावाला ऱ्हावा, मंग पुण्याला." पुन्हा थांबला. "पंजा? आई, ह्यांना दुखतंय का?"

"दुखत नाय. पाच म्हणतेत."

"पाच नाय जमायचं, बाबा. दोन." आणि मग तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होता. "ऐकतच नायत! हात बी सोडत नायत!" ह्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसत नव्हतं. बाजारात असेच दिसत असतील.

खूप वेळ चाललं. पाचावरच जमलं, म्हणजे पार फेब्रुवारीपर्यंत गाव. मग पुन्हा विचारायचं. काकासाहेबाने दर रविवारी यायचं. ह्यांनी त्याचा हात दाबला, त्याने ह्यांचा.

मला वाटलं संपलं. मी भाजीकडे जायला उठले, तर ह्यांनी डावा हात माझ्याकडे केला. मी विचारलं, "पाणी हवंय?" हात तसाच. काकासाहेबाने उठून मला जागा दिली. मी बसले. ह्यांनी माझा हात रुमालाखाली ओढून घेतला. बोट धरलं नाही, पंजा धरला नाही. नुसता हात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"आई," काकासाहेब म्हणाला, "ते तुला विचारतेत. तुझं काय म्हणून."

माझं काय? रोज दुसऱ्यांना विचारत होते, हे नको, ते हवं, एक, दोन. एकटीला भीती वाटते, हे सांगायचं होतं. घरात कुणीतरी हवं, मला दुपारचा डोळा लागला तर ह्यांच्याजवळ बसायला. मला कधीतरी नुसतं बसायचंय. ते सगळं बोटांत कसं सांगायचं?

भाजी करपल्याचा वास आला. काकासाहेब आत धावला. मी उठले नाही, आणि ह्यांनी हात काढला नाही.